घराच्या पायात आपण किती कार्बन गाडतो?

साताऱ्यात मामाच्या प्लॉटवर चार-पाच फूट खणलं की पहार खणखणते. मुरूम, त्याखाली काळा कातळ. मावशीचं गाव सांगलीकडे, कृष्णाकाठी. तिथे दहा फूट खणलं तरी काळी मातीच. पण दोन्हीकडे ठेकेदाराने मातीची तपासणी न करता एकाच मापाचे फुटिंग आखले. मावशीच्या भिंतीला दर उन्हाळ्यात भेग पडते आणि मामाच्या पायात नको तितकं काँक्रीट गेलं.

नको तितकं म्हणजे काय? सिमेंटसाठी चुनखडी साधारण 1450 अंशांपर्यंत भाजतात, तेव्हा खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनात याचाच वाटा सुमारे 60 टक्के. म्हणजे भट्टीला कितीही स्वच्छ इंधन घाला, हा वायू निघणारच. साध्या ओपीसी सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्यामागे अंदाजे चाळीस किलो धरा. म्हणून वाचलेलं पोतं सगळ्यात स्वच्छ!

मामाकडे कातळ जवळ होता, लहान फुटिंगवर भागलं असतं. (लहान फुटिंग म्हणजे सळई कापणं नव्हे. 1967 चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला.)

काळ्या मातीचं गणित वेगळं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरवरचा पाया सोबत हलवते. नुसतं फुटिंग रुंद करून हे थांबत नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने यावर अंडर-रीम्ड पाइल विकसित केली. अरुंद भोक साधारण साडेतीन मीटर खोल न्यायचं आणि तळाशी कांद्यासारखा फुगवटा करायचा, खांबाच्या अडीचपट रुंद. त्या खोलीवर मातीचा ओलावा फारसा बदलत नाही, त्यामुळे पाइल जागची हलत नाही. तेवढ्याच खोलीच्या रुंद फुटिंगपेक्षा खोदाई आणि काँक्रीट दोन्ही कमी लागतं. आयएस 2911 च्या तिसऱ्या भागात याचे नियम आहेत. नदीकाठी पाणी वर असेल तर भोक ढासळतं, तिथे इंजिनिअरला विचारूनच.

राहिलं सिमेंट. पीपीसीत 15 ते 35 टक्के फ्लाय अॅश असते, तितकं क्लिंकर वाचतं. गवंडी म्हणतो, "हे लवकर धरत नाही." बरोबर आहे, सुरुवातीची ताकद हळू येते. पण पायावर वजन तरी कुठे एका दिवसात येतं? स्लॅबला घाई असते, पायाला नाही. पाणी मात्र निदान दहा दिवस मारा.

मावशी आता मागे एक खोली वाढवतेय. या वेळी आधी माती तपासायला दिलीय, ठेकेदार नंतर.