दुप्पट बाजू, चौपट गुंठे

हिंगोली जिल्ह्यात जमिनीचा हिशेब एकर-गुंठ्यांत चालतो. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, झाला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. समरूपता आणि बैजिक राशींबद्दलचे नेहमीचे गैरसमज या एका मापावर घासून पाहता येतात.

गैरसमज : बाजू दुप्पट, तर क्षेत्रफळही दुप्पट.

३३ फुटी चौरस प्लॉट ६६ फुटी झाला, तर क्षेत्रफळ ४,३५६ चौरस फूट होतं. म्हणजे चार गुंठे! समरूप आकृत्यांची क्षेत्रफळं संगत बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. परिमिती मात्र दुप्पटच होते, त्यामुळे कुंपणाची तारही दुप्पटच लागते.

गैरसमज : कोन जुळले की आकृत्या समरूप.

हे त्रिकोणापुरतं खरं. चौकोनाला ही सवलत नाही. ६६ × ६६ आणि ९९ × ३३ फुटांचे दोन प्लॉट घ्या. सगळे कोपरे काटकोनात, पण बाजूंचं गुणोत्तर एकात १ : १, दुसऱ्यात ३ : १. ते समरूप नाहीत. गंमत म्हणजे दोन्हींची परिमिती २६४ फूटच, तरी पहिल्यात चार गुंठे, दुसऱ्यात तीनच.

गैरसमज : नकाशा लहान झाला की कोनही लहान होतात.

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या, एकमेकींशी काटकोनात. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर प्रत्येक भुजा ८ सेंटीमीटरची दिसेल. कोन तिथेही ९० अंशांचाच.

गैरसमज : (अ + ब)² म्हणजे अ² + ब².

अ आणि ब दोन्ही ३३ फूट धरा. ६६ फुटी प्लॉटच्या मधोमध आडवी-उभी रेघ मारली की चार तुकडे पडतात. अ² आणि ब² हे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन. उरलेले दोन अब, अब. '२अब' विसरणाऱ्याचे दोन गुंठे गेलेच.

गैरसमज : एका किमतीला उत्तर जुळलं की राशी सममूल्य.

क्ष = २ घेतल्यास २क्ष आणि क्ष² दोन्ही ४ येतात. क्ष = ३ घेतलं की ६ आणि ९! सममूल्य राशी प्रत्येक किमतीला जुळतात. २(ल + र) आणि २ल + २र तशा आहेत, कारण तिथे वितरणाचा नियम लागू होतो. राशी वेगळ्या ठरवायला न जुळणारी एक किंमत पुरते. सारख्या ठरवायला मात्र असा नियमच दाखवावा लागतो.