टनामागे तीस किलो

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही केमिस्ट मंडळी रसातले विरघळलेले घन पदार्थ (ब्रिक्स) मोजतो, साखर (पोल) मोजतो, बगॅसमधली, म्हणजे उसाच्या चोथ्यातली, ओल मोजतो. लिग्निन कुणी मोजत नाही, कारण ते बगॅससोबत थेट बॉयलरमध्ये जातं. पण हिशेब करून बघा. एक टन ऊस गाळला की साधारण ३०० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मं पाणी. कोरड्या भागातला पाचवा हिस्सा लिग्निन धरला, तर टनामागे ३० किलो. रोज ५,००० टन गाळप असेल तर १५० टन.

ऊस ताठ उभा राहतो तो या लिग्निनमुळे. सेल्युलोजच्या धाग्यांमध्ये शिरून ते त्यांना कडक करतं. लिग्निनच्या अवाढव्य रेणूत बेंझीनसारखी कडी ठासून भरलेली असतात. प्लायवूडचा डिंक, औषधं, कित्येक प्लास्टिकं यांना हीच कडी लागतात, आणि आज ती आपण मुख्यतः खनिज तेलातून मिळवतो.

बगॅस जाळणं म्हणजे नासाडी, असं मी म्हणणार नाही. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, वरची वीज विकली जाते. पण उसाने तयार करून दिलेली ही कडी जाळायची आणि तीच तेलातून पुन्हा मिळवायची, हे मला पटत नाही.

अडचण आहे ती ही कडी सोडवून घेण्यात. लिग्निनच्या तुकड्यांना जोडणारे ऑक्सिजनचे दुवे त्यातल्या त्यात कच्चे असतात. आम्लात उकळलं की ते तुटतात. पण सुटे तुकडे लगेच एकमेकांना कार्बन-कार्बन बंधांनी चिकटतात, आणि ते बंध तोडणं महाकठीण. म्हणून बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात बर्ट सेल्स यांच्या गटाने, आणि इतरांनीही, क्रम उलटा केला: आधी लिग्निन, मग सेल्युलोज. अल्कोहोलमध्ये तापवून लिग्निन बाहेर काढायचं, आणि उत्प्रेरक व हायड्रोजन वापरून तुकडे पुन्हा जुळण्याआधीच स्थिर करायचे. मला या विषयातली सर्वांत मोलाची कल्पना हीच वाटते.

नॉर्वेत सार्प्सबोर्गचा बोरेगार्ड कारखाना स्प्रूसच्या लिग्निनपासून १९६२ पासून व्हॅनिलिन बनवतो. आइस्क्रीमचा तो सुगंध! मात्र टनभर लाकडातून व्हॅनिलिन मिळतं जेमतेम तीन किलो. बाकीचं बरंचसं लिग्निन काँक्रीट प्रवाही ठेवण्यासारख्या कामांना जातं. आपल्या कारखान्यांनी हे नीट पाहावं. सुगंधाला भाव मोठा, पण बाजार लहान. रोजचे १५० टन तिथे खपायचे नाहीत.

ते खपतील डिंकात आणि डांबरात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर बाह्यवळणावर लिग्निन मिसळलेल्या जैव-डांबराचा पट्टा खुला झाला. पुण्याच्या प्राज कंपनीचं ते काम. असा माल उद्या बगॅसमधूनही निघू लागला, तर त्याचा हिशेब उसाच्या दरात दिसला पाहिजे. साखर, मळी आणि बगॅस यांच्या उत्पन्नात शेतकऱ्याचा वाटा धरतात, तसाच लिग्निनमध्येही धरावा, आणि तो पहिल्या करारातच लिहून घ्यावा.