ठोकलेली गाडी आणि तिची खरी किंमत

जुनी गाडी घेताना-विकताना : लेखांक ७

विमापत्रावरची ‘आयडीव्ही’ (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि बाजारात प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत तफावत का पडते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्या तफावतीच्या एका मोठ्या कारणाकडे आज वळू : गाडीला झालेला अपघात आणि त्यानंतरची दुरुस्ती. डहाणू आणि तलासरी तालुक्यांना हा विषय टाळता येण्याजोगा नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीहून तलासरीमार्गे आच्छाडला गुजरातच्या हद्दीत शिरतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि हा टप्पा देशभर चर्चेत आला. पण ज्या अपघातांत सुदैवानं माणसं वाचतात, त्यांतल्या गाड्या दुरुस्त होतात, रंगतात आणि कधी ना कधी विकायला निघतात. त्यांचं मोल कसं ठरवायचं? माझं म्हणणं असं की ठोकरीपेक्षा संशयानं गाडीचा भाव जास्त पडतो. म्हणून दुरुस्ती लपवणं हा विकणाऱ्याला वाटतो तसा फायद्याचा मार्ग नाही, आणि ‘ॲक्सिडेंटल’ म्हणून गाडी सरसकट नाकारणं हाही शहाणपणा नाही. काय ठोकलं होतं आणि ते कसं दुरुस्त झालं, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर भाव ठरायला हवा.

पहिला प्रश्न घेऊ. गाडीचे काही भाग बोल्टनं बसवलेले असतात : बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, दरवाजे, डिकीचं झाकण. ते जुने काढून नवे लावले तर गाडीच्या बळकटीत फरक पडत नाही. दुसरे भाग कारखान्यात एकमेकांना वेल्ड केलेले असतात : पुढच्या चाकांवरचे ॲप्रन, दरवाज्यांच्या चौकटीचे पिलर, छत, खालचा पत्रा, मागचे क्वार्टर पॅनेल. बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये, ईकोसारख्या व्हॅनमध्येही, स्वतंत्र चासी नसते. हा सांगाडाच चासीचं काम करतो. टक्कर झाली की धक्का कुठून कुठे जिरवायचा याचं गणित त्यात बसवलेलं असतं. बोलेरोसारख्या गाडीत बॉडीखाली वेगळी चासी असते, तिथे चासीचे लांबे सरळ आहेत का हे बघायचं. जपानच्या जुन्या गाड्यांच्या व्यापारात हा भेद नियमातच आहे. तिथे ‘दुरुस्तीचा इतिहास असलेली गाडी’ म्हणजे सांगाड्याचा भाग दुरुस्त केलेली किंवा बदललेली गाडी. नुसतं फेंडर किंवा दरवाजा बदलला तर तो शिक्का लागत नाही. सांगाड्याला हात लागला असेल तर मात्र विक्रेत्याला ते जाहीर करावं लागतं. आपल्याकडचे जाणते दलालही ‘पिलर-ॲप्रन ओरिजिनल आहेत का?’ हाच प्रश्न आधी विचारतात. सामान्य गिऱ्हाइकाचं लक्ष मात्र दरवाज्यावरच्या ओरखड्यात अडकतं.

सांगाड्याला हात लागला आहे की नाही, हे थोड्या सवयीनं उघड्या डोळ्यांनी कळतं. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन एकमेकांशी ताडून पाहा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या गोल खुणा ठरावीक अंतरानं, एका रांगेत येतात. एका बाजूला त्या असतील आणि दुसरीकडे सपाट रंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे असतील, तर तो पत्रा बदललेला आहे. दरवाज्याच्या कडेचं रबर ओढून पिलरची कड बघा. सीलरची रेघ कुठे सरळ, कुठे बोटानं फासल्यासारखी असेल तर तिथे काम झालं आहे. फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर तिथे पाना लागला आहे, पण एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर आणखी सोपं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, दुबार रंगकाम त्याच्या बरंच वर जातं आणि खाली पुट्टीचा थर असेल तर आकडा कित्येक पटींनी चढतो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर एअरबॅग फुटल्यानंतर परत बसवली की नुसता दिवाच बंद केला, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा मुद्दा पैशांचा नाही, जिवाचा आहे.

दुसरा प्रश्न दुरुस्ती कशी झाली हा, आणि डहाणूसारख्या किनारी भागात त्याला जास्त वजन आहे. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा गंजरोधक द्रावणात बुडवून काढतात, त्यामुळे पोकळ भागांच्या आतही लेप बसतो. गॅरेजमध्ये पत्रा कापून वेल्ड केला की त्या ठिकाणचा लेप जळतो, आणि उभी गाडी पुन्हा बुडवून काढण्याची सोय कुठल्याही गॅरेजात नसते. चांगला कारागीर वेल्डखाली प्रायमर लावतो, सांधे सीलरनं बुजवतो, पोकळीत मेणाचा फवारा मारतो. घाईतलं काम वरच्या रंगावर संपतं. खाऱ्या वाऱ्यात आणि इथल्या पावसाळ्यात असा सांधा आतून गंजायला लागतो आणि वरचा रंग फुगेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. विकण्याच्या दिवशी दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक पुढच्या पावसाळ्यांत पडतो, आणि तो विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येतो.

यातूनच संशय जन्मतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजाराचं उदाहरण घेऊन ही यंत्रणा मांडली, आणि माहितीच्या विषमतेवरच्या या कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. हिशेब साधा आहे. समजा, एकाच मॉडेलच्या निर्दोष गाडीचं मोल ५ लाख आणि सांगाडा दुरुस्त केलेल्या गाडीचं साडेतीन लाख आहे. बाजारात दोन्ही निम्म्या-निम्म्या आहेत आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मग तो सरासरी धरून सव्वाचार लाखांपुढे जाणार नाही. निर्दोष गाडीच्या मालकाचं काही चुकलेलं नसताना पाऊण लाख गेले, म्हणून तो गाडी विकायचं थांबवतो. बाजारात दुरुस्त गाड्यांचं प्रमाण वाढतं आणि गिऱ्हाईक आणखी खालचा भाव बोलतो. लपवलेल्या प्रत्येक दुरुस्तीचा भुर्दंड असा सगळ्या विकणाऱ्यांना बसतो.

मग खरी माहिती मिळणार कुठे? शेतजमीन घेताना सातबारा बघितल्याशिवाय कोणी इसार देत नाही, कारण बोजा असेल तर तो ‘इतर हक्कां’त दिसतो. गाडीला असा उतारा नाही. ‘वाहन’ प्रणालीत नोंदणीची तारीख, मालकाचा क्रमांक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत दिसते. अपघात दिसत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० मध्येही त्याचा रकाना नाही. तलासरीच्या बाजारात तर एमएच-४८ च्या शेजारी वलसाडची जीजे-१५ आणि सिल्वासाची डीएन-०९ अशा पाट्यांच्या गाड्या उभ्या असतात, म्हणजे एखाद्या दुरुस्तीचा माग काढायला सीमेपलीकडच्या गॅरेजपर्यंत जावं लागतं. तरी काही धागे हाती येतात. एक म्हणजे विमापत्रावरचा ‘एनसीबी’चा (नो क्लेम बोनसचा) आकडा. दावा न करता वर्षं गेली की ही सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते, आणि दावा केला की सहसा शून्यावर येते. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी आणि एनसीबी २० टक्के, तर का ते विचारायलाच हवं. हा पुरावा नव्हे, कारण विमा ९० दिवसांहून जास्त खंडित झाला तरी सवलत जाते, आणि ती गाडीची नसून माणसाची असल्यामुळे जुन्या गाडीवरून नवीवरही येते. पण प्रश्न विचारायला तो पुरेसा आधार आहे. दुसरा धागा अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिस नोंदी. चासी क्रमांकावरून बॉडी दुरुस्तीची बिलं तिथे सापडू शकतात.

इथे विकणाऱ्याचा पहिला आक्षेप येतो : ‘कंपनीच्या वर्कशॉपात ओरिजिनल पार्ट टाकले, विम्यानं पैसे दिले, मग भाव कमी का?’ बोल्टनं बसणाऱ्या भागांबाबत ही तक्रार रास्त आहे. बिलं दाखवली तर भाव फारसा पडू नये. पण सांगाड्याबाबत विम्यानं दिलेले पैसे आणि गाडीचं गेलेलं मोल या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडची प्रमाणित पॉलिसी दुरुस्तीचा खर्च देते, तोही प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापून, घसारा माफ करणारं ‘झिरो डेप’ संरक्षण घेतलेलं नसेल तर. अपघातामुळे बाजारभाव घटला, त्याची भरपाई ती देत नाही. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. या रेषेच्या जरा अलीकडे राहिलेली गाडी दुरुस्त होऊन चालू लागते, पण तिची टक्कर किती मोठी होती हे त्या बिलावरूनच समजतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : ‘मी खरं सांगून नुकसान सोसायचं आणि शेजाऱ्यानं लपवून पूर्ण भाव घ्यायचा?’ याचं उत्तर आधी कायद्यात शोधू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ नुसार नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही. पण माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणं किंवा खोटं सांगणं ही फसवणूक आहे, आणि कलम १९ प्रमाणे असा करार फसवला गेलेला माणूस रद्द करू शकतो. म्हणून घेणाऱ्यानं गप्प न राहता लेखी विचारावं : ‘पिलर, ॲप्रन, चासी यांची दुरुस्ती झाली आहे का?’ व्हॉट्सॲपवर आलेलं ‘नाही’ हेसुद्धा उद्या पुरावा ठरू शकतं. कोर्टकचेरीला वेळ लागतो हे खरं. पण बाजाराचं उत्तर लवकर मिळतं. बिलं, दुरुस्तीपूर्वीचे फोटो आणि सर्व्हेअरचा अहवाल पुढे ठेवणाऱ्या विक्रेत्याच्या गाडीवर गिऱ्हाइकाला संशयाची सूट मागायला जागा उरत नाही. ज्याच्याकडे कागद नाहीत, त्याच्याकडून ती सूट वसूल होतेच.

तिसरा आक्षेप सहृदय माणसाचा आहे : तलासरीच्या पाड्यावरून पहिली गाडी घ्यायला आलेल्या कुटुंबाला स्वस्त गाडी हवी असते, त्यांच्यापुढे मायक्रॉनचा पाढा कशाला? मला उलट वाटतं. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला चुकीच्या गाडीचा फटका सर्वांत जड जातो. सांगाडा नीट दुरुस्त झालेली गाडी उघड सांगून लाखभर स्वस्त मिळत असेल, तर तो त्यांच्यासाठी चांगला व्यवहार असू शकतो. तीच गाडी ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ म्हणून पूर्ण भावानं गळ्यात मारणं हा अन्याय आहे. माहिती दिल्यानं गरिबाची निवड कमी होत नाही, ती खऱ्या अर्थानं त्याची होते.

सरकारी पातळीवर उपाय अवघड नाही. पोलीस आता अपघाताची सविस्तर नोंद ‘ई-डार’ या संगणकीय प्रणालीत करतात आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांच्या नोंदी आहेतच. त्यांतली सांगाड्याच्या नुकसानीची एवढीच माहिती ‘वाहन’च्या नोंदीला जोडली तर मालकाची खासगी माहिती उघड न करताही गाडीचा उतारा तयार होईल. जुन्या गाड्यांच्या डीलरना १ एप्रिल २०२३ पासून अधिकारपत्र घेणं बंधनकारक आहे. त्यांच्यावर दुरुस्ती जाहीर करण्याची सक्तीही घालता येईल. ते होईपर्यंत हा उतारा आपणच ठेवायचा आहे. गाडीला काहीही लागलं की त्याच दिवशी फोटो काढा, बिल जपा, कुठला भाग बदलला ते लिहून ठेवा, आणि विकताना ती फाइल न मागता पुढे करा. पुढच्या लेखांकात सीमेपलीकडून आणलेल्या गाडीची एनओसी आणि कराचा हिशेब पाहू.