बिनतारी राउटर : सेटिंग बदलल्यानंतरचे दोष व त्यांचा शोध

विद्यार्थ्यांची नोंद, यू-डायस प्लसची माहिती, पाठाची पूर्वतयारी इत्यादी पुष्कळशी कामे आता इंटरनेटवाचून होत नाहीत, आणि अनेक शिक्षक ती सायंकाळी घरीच करतात. अशा घरात राउटरचा पासवर्ड शेजारीपाजारी पसरतो, म्हणून तो बदलण्यात येतो. किंवा वेग वाढावा म्हणून एखादे सेटिंग फिरविले जाते, आणि तत्क्षणी सर्व जोडण्या तुटतात. माहिती भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असेल, तर मनाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. या गोंधळात बहुधा दोन चुका घडतात. एक, घाईने आणखी चार ठिकाणी बदल केले जातात. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो. दुसरी, टाचणीने रीसेटचे छिद्र दाबले जाते. त्यामुळे राउटरमधील सर्व माहिती पुसली जाते. वास्तविक दोष बहुधा नुकत्याच केलेल्या बदलात असतो. तो क्रमाने शोधावा.

प्रथम पाहण्याची गोष्ट

राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. यात कोणतेही सेटिंग पुसले जात नाही. हे रीसेट नव्हे, हा भेद नीट ध्यानी घ्यावा. फायबरच्या पेटीवरील ‘एलओएस’ हा दिवा तांबडा असेल, तर दोष बाहेरच्या तारेत आहे. सेटिंगशी त्याचा संबंध नाही. दिवे ठीक असल्यास संगणक केबलने राउटरला जोडून पाहावा. केबलने इंटरनेट चालत असेल, तर दोष केवळ वाय-फायच्या भागात आहे, हे निश्चित झाले. त्यानंतर पुढील तीन लक्षणांपैकी कोणते दिसते ते पाहावे.

(१) वाय-फायचे नाव दिसत नाही

नाव बदलले असल्यास यादीत नवे नाव शोधावे. नाव लपविण्याचे सेटिंग चुकून लागले नाही ना, तेही पाहावे. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. जुन्या मोबाइलना व बऱ्याच प्रिंटरना फक्त २.४ चा पट्टा कळतो. तो बंद केल्यास त्यांना काहीच दिसणार नाही. शिवाय ५ चा पट्टा वेगवान असला, तरी जाड भिंतींतून तो कमी पोचतो. ५ च्या पट्ट्यावरील काही चॅनेल रडारही वापरते. तसे चॅनेल निवडल्यास राउटर प्रथम सुमारे एक मिनिट कानोसा घेतो आणि मगच नाव दाखवितो. तेवढा धीर धरावा. २.४ च्या पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल ठेवणे श्रेयस्कर. ही तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत.

(२) नाव दिसते, पण जोडणी होत नाही

येथे बहुधा उपकरणाने जुना पासवर्ड साठवून ठेवलेला असतो. मोबाइलमधील ते नाव ‘विसरा’ असे सांगून नवा पासवर्ड पुन्हा भरावा. पासवर्डातील लहानमोठी अक्षरे तपासावीत. सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए-३ ठेवला असेल, तर जुनी उपकरणे जोडली जाणार नाहीत. तेव्हा डब्ल्यूपीए-२ व ३ असा मिश्र प्रकार निवडावा. कंटाळून पासवर्डच काढून टाकू नये. तसे केल्यास कोणीही परका मनुष्य आपल्या जोडणीचा उपयोग करू शकतो.

(३) जोडणी होते, पण इंटरनेट चालत नाही

संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटर पत्ते वाटत नाही, म्हणजे डीएचसीपी हे सेटिंग बंद झाले आहे. ते पुन्हा सुरू करावे. पत्ता ठीक असूनही इंटरनेट नसेल, तर कंपनीने दिलेले वापरकर्ता-नाव व पासवर्ड राउटरमध्ये जसेच्या तसे आहेत की नाहीत, ते तपासावे. वाय-फायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड निरनिराळे असतात.

सेटिंगचे पानच उघडत नसेल, तर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलला असण्याचा संभव आहे. केबलने जोडलेल्या संगणकाच्या नेटवर्क-माहितीत ‘गेटवे’ म्हणून जो आकडा दिसतो, तोच राउटरचा पत्ता होय. बहुधा तो १९२.१६८.१.१ सारखा असतो.

रीसेट हा शेवटचा उपाय

गणित चुकलेल्या मुलाची सारी पाटी कुशल शिक्षक पुसत नाही; कोणत्या पायरीवर हात चुकला, ते पाहतो. राउटरच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी. रीसेटने चुकीसोबत कंपनीचे वापरकर्ता-नाव व पासवर्डही पुसले जाऊ शकतात, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत काम ठप्प होते. म्हणून ती माहिती हाती असल्यावाचून रीसेट करू नये. केल्यास वाय-फायला पूर्वीचेच नाव, पूर्वीचाच पासवर्ड व सुरक्षेचा पूर्वीचाच प्रकार द्यावा. म्हणजे घरातील उपकरणे बहुधा आपोआप जोडली जातात.

पुढील दक्षता

एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, मगच दुसऱ्यास हात घालावा. प्रत्येक बदलापूर्वी दिनांक, जुने सेटिंग व नवे सेटिंग वहीत लिहावे. अशी वही शाळेतील राउटरसाठीही अवश्य ठेवावी. पासवर्ड एकाच शिक्षकास ठाऊक असल्यास त्याच्या बदलीबरोबर तोही जातो, आणि नव्याने येणाऱ्यास रीसेटवाचून गत्यंतर उरत नाही. ही वही मुख्याध्यापकांनी कुलुपात ठेवावी आणि कार्यभार सोपविताना इतर दप्तरासोबत तीही सुपूर्द करावी.