आर्वीची तबकडी, खोडदची दुर्बीण आणि डाउनलोड मॅनेजर

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ आर्वी आणि खोडद ही जुन्नर तालुक्यातली दोन गावं आहेत. आर्वीला 1971 साली देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. तिथल्या सुमारे 30 मीटर व्यासाच्या तबकडीने भारताचे फोन समुद्रापार पोचवले. हे काम तेव्हा ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे होतं. 1986 मध्ये तिची विदेश संचार निगम झाली आणि याच निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं.

उपग्रहावरून परदेशी बोललेल्यांना तो फोन आठवत असेल. आपण विचारायचं आणि उत्तर क्षणभर उशिरा यायचं. संपर्काचा उपग्रह जवळपास 36,000 किलोमीटर उंचावर असतो. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव. बोलताना हा अर्धा सेकंद सोसता येतो. फाइल उतरवताना मात्र तो फार महाग पडतो, आणि डाउनलोड अ‍ॅक्सिलरेटरचं काम तिथूनच समजायला लागतं.

इंटरनेटवर माल पाठवायचे नियम टीसीपी ठरवतं. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला एक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. तो म्हणतो, पावती न आलेले अमुकच क्रेट वाटेत राहतील, पावती आली की पुढचे सोडीन. गिऱ्हाईक जवळचं असेल तर काही अडत नाही. ते दूर असेल तर रस्ता मोकळा असूनही गाडी पावतीची वाट पाहत उभी राहते. टीसीपीच्या मूळ आराखड्यात ही मर्यादा 64 किलोबाइट आहे. उपग्रहाच्या अर्ध्या सेकंदाच्या फेरीला ती लावली की सेकंदाला 128 किलोबाइटच्या वर जाता येत नाही, मग लाइन कितीही मोठी असो. एक गिगाबाइटच्या फाइलला सव्वादोन तास लागतात. आता त्याच गिऱ्हाइकाने चार नावांनी चार खाती उघडली तर चौपट क्रेट एकाच वेळी वाटेत राहतील. लाइनीत तेवढी जागा असेल तर तीच फाइल चौतीस मिनिटांत येते. अ‍ॅक्सिलरेटर हेच करतो: फाइलचे चार तुकडे करून ते चार जोडण्यांवरून एकाच वेळी मागतो. तो लाइनीचा वेग वाढवत नाही. तो वाट पाहण्यात जाणारा वेळ वापरतो. वाटेत एखादा क्रेट हरवला की टीसीपी आपला वेग निम्म्यावर आणतं, पण तो फटकाही चारपैकी एकाच जोडणीला बसतो.

हे तुकडे मागायची सोय 1997 च्या एचटीटीपी 1.1 या वेबच्या नियमसंचात आली. अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजेच डाउनलोड मॅनेजर, आधी सर्व्हरला फाइलचा आकार विचारतो आणि मधूनच देता येईल का तेही पाहतो. होकार मिळाला की तो डिस्कवर पूर्ण फाइलची जागा राखतो आणि प्रत्येक जोडणीला आपला भाग नेमून देतो. सर्व्हर 206 या सांकेतिक आकड्याने उत्तर देतो, म्हणजे हा संपूर्ण फाइलचा एक भाग आहे. एखादी जोडणी लवकर मोकळी झाली तर चांगला मॅनेजर सर्वांत मागे राहिलेल्या भागात जे उरलं असेल त्यातलं अर्धं तिला देतो. कुठला तुकडा कुठवर आला, ही नोंद तो सतत ठेवतो.

माझ्या मते त्याचं खरं मोल या नोंदीत आहे. भारनियमनाच्या वर्षांत मंचर, घोडेगाव, ओतूर अशा गावांत नव्वद टक्के उतरलेली फाइल लाइट गेली की वाया जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. डाउनलोड मॅनेजर असेल तर उरलेले दहा टक्केच मागावे लागत. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर जुने-नवे तुकडे एकत्र शिवले जाऊन सगळंच बिघडेल. म्हणून शहाणा मॅनेजर फाइलची ओळखखूण आधी ताडून पाहतो.

मोठ्या फाइलींची गरज आता खोडदला पाहावी. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. त्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे तबकड्यांच्या 435 जोड्यांची तुलना होते. रात्रभराच्या एका वेधाची माहिती अनेक गिगाबाइट भरते. हा संग्रह ऑनलाइन मिळत असल्याने जगभरचे अभ्यासक तो आपापल्या देशात उतरवून घेतात. त्यांच्यासाठी डब्ल्यूगेटसारखं साधं साधन, जे अर्धवट फाइल पुढे चालू करतं, पुरेसं असतं.

वेगाचं म्हणाल तर काळ बदलला आहे. 64 किलोबाइटची मर्यादा वाढवायची पद्धत 1992 मध्येच लिहिली गेली आणि आज जवळजवळ सगळ्या संगणकांत ती आहे. फायबरवर अंतरही उपग्रहाएवढं नसतं. त्यामुळे आज दहापट वेगाची जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गर्दीच्या लाइनीवर प्रत्येक जोडणीला साधारण समान वाटा मिळतो. तिथे सोळा जोडण्या उघडणारा शेजाऱ्यांचे वाटे घेतो, आणि म्हणूनच अनेक सर्व्हर एका पत्त्याला मोजक्याच जोडण्या देतात.

तेव्हा चार जोडण्यांच्या पुढे जाऊ नका. उतरवून झाल्यावर प्रकाशकाने दिलेला चेकसम नक्की जुळवून पाहा, कारण वेग कितीही मिळाला तरी बिघडलेली फाइल कामाची नाही.