हप्ता किती? घराला झेपेल तेवढा

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात शेळी विकून एक हप्ता भरायचा आणि दुसऱ्या हप्त्यासाठी तिसरीकडून कर्ज काढायचं, असं चक्र आपल्या गावांतून फिरतं. ते कुठे थांबवता येतं, ते आज बघू.

२०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात हप्त्यांची परतफेड योजना आहे. पण ती सध्या कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतीच लागू आहे. आपल्याला उपयोगी नियम वेगळे आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण कर्ज देताना सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. घरात १२,००० रुपये येतात आणि ४,५०० हप्त्यांत जातात, तर नवा हप्ता १,५०० पर्यंतच. दंड लागतो तो थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही.

हप्ता थकणार असं दिसलं, की आधीच लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून मागा आणि पोच घ्या. प्रकरण वाढलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत दोघांच्या संमतीने तडजोड होते, पण तिच्यावर अपील नाही. म्हणून किराणा, औषधं, शाळा वजा करून उरेल तेवढ्याच रकमेवर सही करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपले सगळे हप्ते एका पानावर लिहून आणावेत.