मुलांपाशीं मन असावें

आपल्याकडे मंगलाष्टकांच्या वेळीं वधूवरांस 'सावधान' असें बजावण्यांत येतें. समर्थ रामदास हा शब्द ऐकून मंडपांतून निघून गेले, अशी परंपरागत कथा आहे. आणि पुढें साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर त्यांचें अखेरचें वास्तव्य झालें. तुम्हांआम्हांस मात्र मंडपांत राहूनच सावध व्हावयाचें असतें. घरांत मुलें बागडूं लागलीं, कीं नेमका ह्याच उपदेशाचा आपणांस विसर पडतो.

ह्या सावधपणास अवधान म्हणूं. हातांतील क्षणाकडे, तो बरा कीं वाईट असा निवाडा तत्काळ न करतां, जाणून लक्ष देणें म्हणजे अवधान. बौद्ध परंपरेंत ह्यास 'सति' म्हणतात. त्याच धर्माच्या भिक्षूंसाठीं कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरांत लेणीं खोदलीं गेलीं. १९७९ सालीं जॉन कबाट-झिन ह्यांनीं अमेरिकेंत ही साधना रुग्णोपचारांत आणली, आणि १९९७ मध्यें आपल्या पत्नीसह लिहिलेल्या ग्रंथांत ती आईबापांच्या कर्तव्यास लावून दाखविली.

मुलांना ह्याची गरज काय? एडवर्ड ट्रॉनिक ह्या मानसशास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत एक साधा प्रयोग केला. बाळाशीं खेळणाऱ्या आईस थोडा वेळ चेहरा अगदीं निर्विकार ठेवावयास सांगण्यांत येई. बाळ प्रथम हंसून पाही, हातवारे करी, ओरडे. आणि प्रतिसाद मिळत नाहीं असें दिसतांच तोंड फिरवी. आई पुन्हां बोलूं लागली, कीं तुटलेला धागा हळूहळू जुळे. एका क्षणाच्या दुर्लक्षानें मूल दुरावतें, असा ह्याचा अर्थ नव्हे. धागा तुटणें हें रोजचेंच. तो पुन्हां जोडला जातो कीं नाहीं, हें महत्त्वाचें. शाळेंतील हकीगत सांगावयास आलेल्या मुलीला मोबाईलवरची नजर न काढतां 'हं' म्हणणारे वडील तिला तसाच निर्विकार चेहरा दाखवीत असतात. ती चारदां सांगून पाहते. पांचव्यांदा सांगत नाहीं. पुढें ती सोळा वर्षांची झाली, म्हणजे 'ही आम्हांला कांहींच सांगत नाहीं' अशी तक्रार आपणच करतों.

अवधान बाहेर तसेंच आंतहि हवें. सांगलीकरांस हें सहज पटेल. पावसाळ्यांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी किती फुटांवर आलें, हें सारें शहर विचारीत असतें. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. आवराआवर करावयाची ती इशाऱ्याच्या वेळींच. २०१९ सारखें पाणी ५७ फुटांवर गेल्यावर काय करणार? रागाचेंहि तसेंच आहे. जबडा आवळला, श्वास आंखूड झाला, आवाज चढला, हीं इशाऱ्याचीं चिन्हें होत. तीं ओळखून एक दीर्घ श्वास घेतला, तर दुधाचा पेला सांडणाऱ्या मुलास कचेरींतील रागाची शिक्षा होत नाहीं.

सांगली जिल्ह्यांतीलच मोहित्यांचे वडगांव येथें २०२२ सालीं एक उपक्रम सुरू झाला. सायंकाळीं सातला मंदिरावरील भोंगा वाजे, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाईल व टेलिव्हिजन बंद ठेवण्यांत येत. करोनाच्या साथींत शाळा मोबाईलवर भरली होती. साथ ओसरली तरी मुलांचे हात त्यावरून निघेनात, हें त्यामागील कारण. विशेष हा, कीं नियम केवळ मुलांस नव्हता, थोरांसहि होता. तथापि भोंग्यानें यंत्र बंद होईल. मन ज्याचें त्यासच वळवावें लागतें.

ह्यासाठीं आसन मांडून बसावयास नको. दिवसांतून दहा मिनिटें मुलासाठीं राखून ठेवावीं. तें बोलूं लागलें, कीं हातचें काम थांबवावें, तोंड त्याच्याकडे करावें आणि वाक्य पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. मन कामाकडे धांवेल. तें धांवलें असें जाणून परत आणावें. त्या वेळांत गुणांची चौकशी नको, उपदेश नको. नाहींतर अवधानाची तपासणी होते. खरोखरच सवड नसेल, तर 'अर्ध्या तासानें ऐकतों' असें सांगावें, आणि अर्ध्या तासानें आपण होऊन त्याच्याकडे जावें. दिलेला शब्द असा पाळला गेला, म्हणजे मूल वाट पाहावयास शिकतें. आणि सांगण्याजोगें कांहीं घडलें, कीं तें प्रथम आपल्याकडेच धांवत येतें.